टॅरोचे पत्ते, वही आणि पेन्सिल: नागपुरात बसून सुरुवात कशी करावी

टॅरोचा डेक, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा संच, हातात आला की बहुतेक जण आधी सोबतची पुस्तिका उघडतात आणि 'या पत्त्याचा अर्थ काय' ते शोधायला लागतात. ती पुस्तिका पहिला महिनाभर खणात टाका. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच एका सूचनेवर उभं आहे. पत्ता म्हणजे आधी चित्र. ते डोळ्यांनी वाचायचं, अर्थाचं नंतर बघू. भविष्य सांगणं हा इथला विषयच नाही. चित्र काढणारे, लिहिणारे, किंवा रात्री झोपण्याआधी डोक्यातला गुंता कागदावर उतरवू पाहणारे, अशांसाठी हे लिहितेय. चित्रकला येत नसेल तरी बिघडत नाही.

हे पत्ते आले कुठून

थोडं मागचं सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला, आणि तोही खेळ म्हणून. मिलान, फेरारा इथल्या दरबारांत श्रीमंत मंडळी हे पत्ते खेळायची, चित्रकारांकडून सोन्याचा वर्ख लावून रंगवून घ्यायची. भविष्याचा संबंध जोडला गेला तो तीनेकशे वर्षांनी, फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या लेखकाने लिहिलं की या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान दडलंय. त्याला पुरावा काहीच नव्हता, पण गोष्ट रंजक होती, त्यामुळे ती चिकटली ती चिकटलीच.

आपल्या कामाचं वर्ष १९०९. त्या साली लंडनमध्ये गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काही महिन्यांत अख्खा डेक रेखाटला. तोवर बहुतेक डेकमध्ये अंकांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हं मांडलेली असत, आपल्या घरच्या पत्त्यांत बदामाची सत्ती दिसते तशी. स्मिथबाईंनी त्या प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग काढला. कोणी ओझं वाहतंय, कोणी झोपेतून दचकून उठलंय, कोणी होडीतून निघालंय. आज जगात दिसणाऱ्या बहुतेक डेकचं मूळ तिथे आहे. त्याच वर्षी एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की काम मोठं झालं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. नंतर कित्येक वर्षं डेकच्या नावात प्रकाशक आणि वेट होते, बाईंचं नाव नव्हतं. पत्त्याच्या कोपऱ्यात त्यांची वळणदार सही मात्र असते. पहिला पत्ता हातात घ्याल तेव्हा ती शोधा.

पत्त्यांवर चित्रं रंगवणं आपल्याकडेही नवं नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा, गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, एकूण १२० पत्ते. टॅरोचे ७८. त्यांतले २२ 'मेजर अर्काना', म्हणजे सूर्य, चंद्र, मृत्यू, मनोरा असे मोठे विषय. उरलेले ५६ चार रंगांचे, काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी, प्रत्येकी १४. ढोबळमानाने काठ्या म्हणजे उमेद, पेले म्हणजे भावना, तलवारी म्हणजे विचार, नाणी म्हणजे काम आणि पैसा. सुरुवातीला एवढं पुरे.

डेक विकत घ्यायचा की छापायचा

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच डेक नकली असतात. पत्ते बोटाएवढे, कागद पातळ, रंग ओरडणारे. चित्र बघायचं असेल तर असा डेक निरुपयोगी. घेण्याआधी मापं वाचा. नेहमीचा पत्ता साधारण ७ बाय १२ सेंटिमीटरचा असतो.

माझा सल्ला विचाराल तर पहिला डेक विकत घेऊच नका. स्मिथ १९५१ साली गेल्या आणि भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे १९०९ची मूळ चित्रं आपल्याकडे मोकळी आहेत. इंटरनेटवर मूळ छपाईचे चांगले स्कॅन सापडतात. त्यांतले आठ-दहा निवडा आणि बर्डीवर किंवा घराजवळच्या डिजिटल प्रिंटच्या दुकानात ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, कागदावर छापून घ्या. एक काळजी घ्या. नंतरच्या प्रकाशकांनी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांवर त्यांचे हक्क असू शकतात, म्हणून जुन्या छपाईचेच स्कॅन वापरा.

बाकी सामान साधं. कोऱ्या पानांची वही, टू-बी पेन्सिल, एक काळा पेन. रंग नंतर.

पहिले काही दिवस: नुसतं बघणं

रोज एक पत्ता. वेळ दहा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. उदाहरणासाठी पेल्यांची पंजी घेऊ.

पहिल्यांदा फक्त वस्तू लिहा. काळा झगा घातलेला माणूस, तीन आडवे पेले, दोन उभे पेले, नदी, पूल, पलीकडे एक वास्तू. 'दुःख', 'पश्चात्ताप' असे शब्द आत्ता नकोत, कारण ते चित्रात नाहीत. आपण त्याची मान खाली बघतो आणि तो शब्द तिथे नेऊन ठेवतो.

मग क्रिया लिहा. तो उभा आहे. बघतोय सांडलेल्याकडे. दोन पेले त्याच्या पाठीमागे आहेत. नदी वाहतेय. पूल कुठेतरी नेतोय.

मग स्वतःला विचारा की तुमची नजर सर्वांत आधी कुठे गेली आणि कुठे गेलीच नाही. खरं काम इथे सुरू होतं. कोणाला आधी सांडलेलं दिसतं, कोणाला पूल. एखाद्याला मागचे दोन पेले पाचव्या मिनिटापर्यंत दिसतच नाहीत. त्यावरून तुमचा स्वभाव ठरवायला जाऊ नका; ती फक्त आजची नोंद आहे. महिन्याने तोच पत्ता पुन्हा बघाल तेव्हा जुनी नोंद शेजारी ठेवा.

शेवटची पायरी बरेच जण टाळतात आणि मला तीच सर्वांत आवडते. पत्ता पालथा ठेवा आणि आठवणीतून चित्र काढा. काड्यांची माणसं चालतील. मग पत्ता सुलटा करून ताडून बघा, काय विसरलं आणि काय मोठं झालं. झगा अर्धं पान व्यापून बसला असेल, पूल गायब असेल. शब्दांत लिहिताना आपण सावध असतो, स्वतःला शोभेल असं लिहितो. रेघेला ती सवय नसते.

असं चित्र वाचणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. श्रावणात देवघरात लावायचा जिवतीचा कागद आठवा. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. हत्ती कोणाचा आणि वाघ कोणाचा हे आजीने बोट ठेवून दाखवलेलं असतं, पण ते कळायच्या आधीही आपण तो कागद तासन्‌तास बघितलेला असतो. टॅरोकडे त्या वयाच्या नजरेने बघायचं.

प्रश्न कसा विचारायचा

पत्ता बघण्याची सवय लागली की त्याच्यासमोर प्रश्न ठेवता येतो. पत्ते उत्तर देत नाहीत. आपण टाळत असलेल्या जागी ते नजर नेतात, आणि तेही प्रश्न नीट असेल तरच. 'होईल का', 'मिळेल का', 'तो परत येईल का' हे प्रश्न बाद. त्यांचं उत्तर कागदाच्या तुकड्याकडे नाही.

नागपुरात घरोघरी असलेला एक प्रश्न घेऊ, पुण्याला नोकरीसाठी जावं की इथेच राहावं? तो असा विचारायचा: 'पुण्यात मला नेमकं काय ओढतंय, आणि इथलं काय सुटत नाही?' आता तीन पत्ते काढा. भूत-वर्तमान-भविष्य ही प्रसिद्ध मांडणी मी मुद्दाम वापरत नाही, कारण तिसऱ्या पत्त्यापाशी आपण लगेच ज्योतिषी होतो. माझ्या तीन जागा अशा: समोर दिसतंय ते, मी बघत नाही ते, आणि या आठवड्यात करता येईल असं एक.

समजा पहिल्या जागी तलवारींची दुर्री आली. डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली बाई, छातीवर दोन तलवारींची फुली, मागे समुद्र. वहीत लिहा: पट्टी कोणी बांधली? दोन्ही तलवारी सारख्याच जड आहेत का? ती किती वेळ अशी बसू शकेल, हात दुखत नाहीत का? या प्रश्नांची उत्तरं पत्त्यावर नाहीत, म्हणून ती तुम्हालाच द्यावी लागतात.

दुसऱ्या जागी नाण्यांची सत्ती. एक तरुण कुदळीवर रेलून झाडाकडे बघतोय. सहा नाणी झाडाला, एक पायाशी. पुस्तिका सांगेल 'संयम'. विदर्भातल्या माणसाला यात संत्र्याची बाग दिसायला हवी. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचा बागायतदार बहार धरण्याआधी, म्हणजे झाड फुलाफळावर आणण्याआधी, झाडाला 'ताण देतो', म्हणजे ठरवून काही दिवस पाणी तोडतो. पानं मलूल होतात. बाहेरच्या माणसाला वाटतं बाग गेली. मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. मृग बहाराचा ताण मे महिन्यात, आंबिया बहाराचा हिवाळ्यात, आणि आंबियाचं फळ हाती यायला पुढचा ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. तर तो कुदळवाला नुसता थांबलाय की ताण देतोय? इथे राहण्यात तुम्ही थांबून आहात की काहीतरी धरून आहात? या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. या पत्त्यावर दोन पानं सहज भरतात.

तिसऱ्या जागी समजा तलवारींची छक्की, होडीतून पलीकडे निघालेली माणसं. याचा अर्थ 'जा' असा घ्यायचा नाही. या आठवड्यात करता येईल असं एक लिहा: पुण्यात राहणाऱ्या मैत्रिणीला खरं भाडं, खरा प्रवास आणि खरा एकटेपणा विचारणं. झालं.

पत्ता आवडला नाही म्हणून पुन्हा काढायचा नाही. एका प्रश्नाला एकदा. नाहीतर मनासारखा पत्ता येईपर्यंत पिसत बसाल.

'मृत्यू' निघाला तर?

पहिल्यांदा पोटात गोळा येतोच. पत्ता नीट बघा. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, हातात काळ्या निशाणावर पांढरं फूल, खाली पडलेला राजा, आणि लांब दोन बुरुजांच्या मधून सूर्य. समोरचं लहान मूल त्याच्याकडे न घाबरता बघतंय.

या पत्त्यासाठी नागपूरकराला इंग्लंडचा सांगाडा हवाच असं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, यांची मिरवणूक निघते, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असा गजर होतो आणि शेवटी ती जाळली जाते. सोबत चालू घडामोडींची टर उडवणारे बडगे नावाचे पुतळे. रोगराई, वाईट चाली, सगळं तिच्यासोबत शहराबाहेर जावं म्हणून हजारो माणसं नाचतात. संपणं आणि सुटका एकाच मिरवणुकीत कशी असते, हे आपण दरवर्षी महाल-इतवारीच्या रस्त्यावर बघतो. हा पत्ता निघाला की वहीत विचारा: यंदा मारबतीसोबत काय पाठवायचंय?

घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो. "काय गं, भविष्य पाहून राहिली का?" असं मावशी विचारणारच. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ रुजलेलं हे शहर, त्यामुळे दुसऱ्या बाजूने एखादे काका "हे काय थोतांड लावलं बे" म्हणतील. दोघांनाही वही दाखवा. वहीत चित्रं दिसली की दोघांचाही रस संपतो.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. आजारपण, पैशाची गुंतवणूक, लग्न, कोर्टकचेरी यांचे निर्णय पत्त्यांवर घ्यायचे नाहीत आणि दुसऱ्यासाठी तर नाहीच नाही. मन सतत खचलेलं असेल, झोप उडाली असेल, तर वही मिटून माणसाशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

स्वतःचा पत्ता काढणं

आता मजेचा भाग. अख्खा डेक काढायचं ठरवू नका. ७८चा संकल्प सोडलेल्या वह्या कपाटात धूळ खातात. एक पत्ता काढा.

कोणता? जो बघताना 'असं आमच्याकडे नसतं' असं वाटलं, तो. सूर्याचा पत्ता घ्या. मूळ चित्रात सूर्यफुलं, पांढऱ्या घोड्यावर उघडं बाळ, सगळा आनंदीआनंद. लंडनमधल्या माणसाला ऊन म्हणजे सुख. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५ अंशांत डोक्याला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवणाऱ्याने हा सूर्य जसाच्या तसा का काढावा? नागपूरचा सूर्य काढायचा तर दुपारी दोनची रिकामी सडक काढा, बंद शटर, झाडाच्या टीचभर सावलीत उभी केलेली सायकल. या पत्त्याचा अर्थ मग 'यश' राहत नाही, दुसरंच काही होतं. काय ते तुम्ही ठरवा.

शून्य क्रमांकाच्या 'मूर्ख' पत्त्याला आपल्याकडे जागा तयारच आहे. कड्याच्या टोकावर काठीला गाठोडं लावून निघालेला पोरगा आणि पायाशी पांढरं कुत्रं. त्याला झिरो माइलच्या खांबापाशी उभा करा, पाठीवर सॅक, शेजारी बर्डीचं कोणतंही मोकाट कुत्रं, मागे ते चार घोडे. नाण्यांच्या अठ्ठीतला एकेक नाणं ठोकत बसलेला कारागीर महालात चितार ओळीत सापडेल, गणपतीच्या महिनाभर आधी जा. ओळीने मांडलेल्या एकसारख्या मूर्ती आणि एकाच्या डोळ्यांवर थबकलेला ब्रश. रेखाटन करायला बसण्याआधी विचारा, कामाच्या गर्दीत मध्ये येऊ नका. पेल्यांची चौकी, म्हणजे समोर तीन पेले असताना हाताची घडी घालून रुसलेला आणि ढगातून येणाऱ्या चौथ्याकडे न बघणारा तरुण, हा तर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर रोज दिसतो.

नाण्यांच्या जागी संत्री काढायची कल्पना सगळ्यांनाच पहिल्या पाच मिनिटांत सुचते. म्हणून ती लांब ठेवा.

काढण्याची रीत अशी. वहीच्या एका पानावर काडेपेटीएवढ्या सहा चौकटी आखा आणि त्याच पत्त्याची सहा कच्ची रेखाटनं करा. पहिली दोन मूळ पत्त्याची नक्कल होतील, तिसरं-चौथं फसेल, कामाचं बहुधा पाचव्याच्या आसपास निघतं. निवडलेलं चित्र ७ बाय १२च्या कागदावर उतरवा. रंग तीनच घ्या. स्मिथ यांच्या चित्रांत जाड काळी बाह्यरेषा आणि सपाट रंग आहेत, कारण ती छपाईसाठी केलेली होती. नवख्या हाताला तीच पद्धत सोपी जाते. छायाप्रकाशाच्या भानगडीत पडू नका. मूळ पत्त्यातली एक वस्तू ठेवा आणि बाकी सगळं बदला. ती एक वस्तू असली की पत्ता ओळखू येतो.

इथल्या हवेचंही बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये जलरंगाचा हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं आणि मध्ये कडा पडतात. सकाळी सातच्या आत रंगवा, नाहीतर कागद आधी ओल्या स्पंजने पुसून घ्या. कूलरच्या झोतात बसाल तर उलटा त्रास, दमट हवेने पातळ कागद वाकतो. पोस्टर कलर किंवा रंगीत पेन्सिली त्या दिवसांत बऱ्या. पावसाळ्यात छापलेले पत्तेही एकमेकांना चिकटतात, स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

पत्ता पूर्ण झाला की मागे तारीख आणि एक ओळ लिहावीशी वाटते. पत्त्यावर लिहू नका, वहीत लिहा. हा पत्ता छापलेल्या पत्त्यांत मिसळायचा आहे. मागची बाजू सगळ्यांची एकाच कागदाने मढवा आणि कोपरे एकाच नाण्याभोवती गोल कापून घ्या. नाहीतर पिसताना बोटांना तुमचा पत्ता लगेच कळेल आणि तुम्ही तोच काढत राहाल.